थंड नाडीचं घर

आमच्या गावात विहिरीत माणूस पडलं की पोलीस पाटील पहिला रामकिसनच्या दारात यायचा, मग हसनाबादच्या ठाण्याला फोन करायचा. रामकिसन बौद्धवाड्यातला. त्याचा बाप बुड्या मारायचा, आजाही बुड्या मारायचा. ज्या विहिरींवर आजाला पोहरा टाकू देत नव्हते, त्याच विहिरींतून तो त्यांची मढी वर काढायचा. मढं निघालं की विहीर बाटली म्हणून बोंब व्हायची, आणि ती मढ्यानं बाटलेली नसायची, ह्यानं बाटवलेली असायची. छप्पन साली घरातले देव गिरजा नदीत सोडून दिले. मेलेली ढोरं ओढणं सोडलं. बुडी मात्र सुटली नाही. गावानं सुटू दिली नाही हे खरंच, पण घरानंही सोडली नाही, हेही खरं. घराला त्या बुडीचा गर्व होता.

गर्व नाडीचा होता. ह्या घरातल्या माणसांची नाडी थंड. एक ठोका पडला की दुसरा येतो की नाही असं धरणाऱ्याला वाटावं, इतकी सावकाश. रामकिसन पाण्यात गेला की काठावरची माणसं तंबाखू मळून, दाढेला धरून, थुंकून मोकळी व्हायची तरी तो वर यायचा नाही. तो म्हणायचा, "काळीज थंड असलं की दम पुरतो. गरम काळजाचा माणूस वरल्या पाण्यातच तडफडते."

पोर पोहायच्या वयाचं झालं की तो त्याचं मनगट धरून डोळे मिटून बसायचा. थोरल्या देवानंदचं धरलं आणि म्हणाला, "आपलं हाय." बेबीनंदाचं धरलं, "पोरगी हाय, पण आपलं हाय." सगळ्यात धाकट्या धर्मराजचं धरलं आणि सोडून दिलं.

"ही चिमणी कुठून आली गं?"

बायको कौसल्या भाकरी थापत होती. तिनं मान न वळवता सांगितलं, "तुमच्या मायला इचारा."

सगळे हसले. पण नाव पडलं ते पडलंच. वाड्यातली पोरं धर्मराजला बघून चिवचिव करायची. बापानं देवानंदला बुडी शिकवली, पोरीला पोहणं शिकवलं, आणि ह्याला शेळ्यांमागं लावलं. धर्मराज गायरानातल्या दगडाच्या खाणीत, बाप नसताना, आपला आपणच पोहायला शिकला. ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्याला शाबासकी दिली नाही.

देवानंद गेला नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात. एका विहिरीत पडलेली मोटार बांधायला उतरला होता. मोटार बांधली, वर आला, ओढा म्हणून हात केला आणि तसाच पाण्यावर उपडा झाला. गाव म्हणालं आसरांनी ओढला, पाण्यातल्या बाया, दर पिढीला एक घेतात. बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्याही दबक्या आवाजात तेच बोलल्या. देव नदीत सोडले होते, पण विहिरीतल्या आसरा कुठं सोडायच्या हे कोणी सांगितलं नव्हतं. रामकिसन ऐकून घेईना. "आसरा-बिसरा काही न्हाई. आन् बुडाला बी म्हणू नका. त्याच्या पोटात पाणीच न्हवतं." मग कशानं मेला, असं विचारलं की तो उठून जायचा. रामकिसनचा चुलताही असाच पाण्यावर उपडा झाला होता.

दोन वर्षांनी बेबीनंदा शाळेत खो-खो खेळताना पडली. डोळे पांढरे झाले, हातपाय ताठले. फिट आली म्हणून कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. जालन्यात फिटच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या खाऊन पोरगी परत पडली, या वेळी टेकडी चढताना. तेव्हा रामकिसननं तिला औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली. पट्टीवर फूटपट्टी ठेवली, परत ठेवली. मग विचारलं, "घरात कोणी अचानक गेलंय का? पळताना, पोहताना?"

रामकिसननं देवानंदचं सांगितलं. मग चुलत्याचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवला आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. असं कोणी मोठा माणूस त्याच्यासमोर स्टूल ओढून बसायची ही पहिलीच वेळ. तो उठून उभाच राहिला. "बसा हो," त्या म्हणाल्या. "हृदयाला ठोका कोण देतं, माहिती आहे?"

"काळीज आपलं आपणच मारतं की."

"बरोबर. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एक जागा आहे, चिंचोक्याएवढी. तिथल्या पेशी कोणालाच विचारत नाहीत, मेंदूलाही नाही. ठोका तिथून सुटतो. त्या पेशींच्या अंगावर बारीक दारं असतात. प्रथिनांची दारं. आपण डाळीतून खातो ना प्रथिनं, त्याच जातीची. त्या दारांतून क्षार ये-जा करतात. मिठातलं सोडियम हळूहळू आत झिरपतं. पुरेसं झालं की कॅल्शियमचं दार उघडतं आणि ठोका पडतो. मग पोटॅशियमचं दार उघडतं, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी पहिल्यासारखी होते. पुढच्या ठोक्याला तयार. जन्मापासून मरेपर्यंत हेच."

"आन् दार उघडतं कोण?"

"कोणीच नाही. आपोआप."

रामकिसनला ते फार आवडलं. पोरीला कोपरानं ढोसून म्हणाला, "पाह्य बेबे, आत बी देव न्हाई."

बाई हसल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "तुमच्या घरात ते पोटॅशियमचं दार सुस्त आहे. नुसत्या त्या जागेत नाही, सगळ्या हृदयात. पेशी वेळेवर मोकळी होत नाही."

रामकिसन म्हणाला, "म्हंजी एका वाफ्यातलं पाणी मुरायच्या आधीच त्यात पाण्याचं दुसरं बारं सोडलं, तर बांध फुटते. आसंच ना?"

"अगदी असंच. बसल्या जागी काही होत नाही. पण पळताना, आणि पोहताना तर फारच, शरीर हृदयाला म्हणतं लवकर मार. दारं मात्र आपल्याच चालीनं चालतात. मग ठोका पडतच नाही. हृदय नुसतं थरथरतं. माणूस पाणी पिण्याआधीच गेलेला असतो."

"आमची नाडी थंड हाय म्हून..."

"तेच सांगतेय. तो आजार आहे. तुमचीही नाडी बघितली मी. तुम्ही आता पाण्यात उतरायचं नाही. ही तर नाहीच नाही. हिला रोज एक गोळी, जन्मभर. आणि घरातल्या सगळ्यांची पट्टी काढायला आणा. सगळ्यांची."

दाराबाहेर रांग होती. एकजण आत डोकावून खोकून गेला होता. बाई उठल्या.

तीन पिढ्या ज्या गोष्टीवर हे घर ताठ मानेनं जगलं, तिला एका दुपारी आजार हे नाव मिळालं. बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण ज्या माणसाकडं जमीन नाही, देव नाही, मान नाही, त्याच्याकडं एक नाडी होती, आणि ती काढून घेतल्यावर तो एसटीत कसा बसून आला असेल, ते त्यालाच माहीत. बेबीनंदा सांगते की भोकरदन येईपर्यंत तो आपलंच मनगट चाचपत होता. भोकरदनला म्हणाला, "सगळ्याइची पट्टी कशाला पायजे? माही थंड, तुही थंड, आपुन दोघं आजारी. आपल्याला बोटं न्हाईत का?"

घरी आल्याबरोबर त्यानं धर्मराजला बोलावलं. पोरगं तोवर मिसरूड फुटलेलं, अंगानं भरलेलं. त्याचं मनगट धरून रामकिसन बसला. नाडी टकटक चालली होती, कोणाचीही चालते तशी. आणि रामकिसन हसायला लागला, हसता हसता रडायला लागला.

"चिमणीच हाय. कौसल्ये, आपली चिमणी वाचली."

त्या दिवशी घरात कोंबडं कापलं. धर्मराजच्या ताटात काळीज पडलं, जे आजवर कधी पडलं नव्हतं. तो खाता खाता थांबला आणि म्हणाला, "आबा, मंग आता बुडी म्या मारायची ना?"

"काही गरज न्हाई," कौसल्या म्हणाली.

"घरात एक तरी पायजे."

"काहून पायजे? गावाची विहीर गाव बघून घेईल."

रामकिसननं रश्श्यात भाकरी कुस्करली. नाही म्हणाला नाही, हे धर्मराजनं बरोबर टिपलं.

मग दोन हजार तीनचा उन्हाळा आला. गावातल्या बद्रीनाथची मोसंबीची बाग ताणावर सोडलेली होती. आमच्याकडं मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. झाडं पानं टाकतात, मेल्यासारखी दिसतात, आणि मृगाला पाणी सोडलं की फुलांनी लदबदतात. बाग ताणावर, म्हणून बद्रीनाथची विहीर त्या दिवसांत भरलेली. गावातल्या बाकीच्या विहिरींचा तळ दिसत होता आणि हिच्यात तीन पुरुष खोल पाणी. त्या पाण्यात एका सकाळी बद्रीनाथची भावजय पुष्पाबाई पडली. पाय घसरला म्हणाले. आमच्या भागात पाय फक्त बायांचेच घसरतात. रोज त्याच विहिरीवर चढउतार करणाऱ्या गड्यांपैकी एकाचाही घसरलेला ऐकला नाही.

कारभारी पाटील रामकिसनच्या दारात आला. पोलीस पाटील तोच.

"चाल रे, रामकिसन. सगळे खोळंबून राह्यले."

"म्या न्हाई येत, पाटील. डॉक्टरनं बंदी केली. काळजाचं दार खराब हाय."

"कशाचं दार?"

"काळजाचं."

पाटील मागच्या माणसांकडं बघून हसला. "ऐका. आता ह्याच्या काळजाला दारं बसली. चौकट बी हाय का रे?"

लोक हसले. रामकिसनही हसला, कवाडाला धरून, पण जागचा हलला नाही. पाटलाचा आवाज चढला. "ते बाईमाणूस पाण्यात पडून राह्यलं आन् तू नखरे करून राह्यला?" तरी तो हलला नाही. इतकी वर्षं जे जमलं नाही ते त्या दिवशी त्याला जमलं होतं. गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं.

पण पुष्पाबाईची आई सगुणाबाई तीर्थपुरीहून जीप करून आली होती. विहिरीवर तिला कोणी धरेना. ती तिथून उठली आणि उन्हातान्हात अनवाणी चालत बौद्धवाड्यात आली. जी बाई जन्मात ह्या वाड्यात पाय टाकायची नाही, ती रामकिसनच्या अंगणात मातीत बसली. तिनं शिवी दिली नाही, जोर केला नाही. नुसतं म्हणाली, "भाऊ, माही लेक एकटी हाय खाली. तिला अंधाराचं भेव वाटतंय लहानपणापासून."

पाटलाला नाही म्हणता येत होतं, हिला येत नव्हतं. रामकिसन तोंड फिरवून भिंतीकडं बघायला लागला. तेव्हा धर्मराज आतून दोर घेऊन आला.

"आबा, म्या जातो."

कौसल्या मध्ये आली. "तू न्हाई."

"आये, माही नाडी चांगली हाय. आबा, सांग तिला."

बेबीनंदा म्हणाली, "बाईनं सगळ्याइची पट्टी काढा म्हणलं व्हतं, आबा. ह्याची कुठं काढली?"

"तुमची पट्टी! माह्या मनगटात काय हाय मंग?" धर्मराजनं हात पुढं केला. सगळ्या वाड्यासमोर बापापुढं हात धरून उभा राहिला. रामकिसननं ते मनगट धरलं. सगुणाबाई मातीत बसून त्याच्या तोंडाकडं बघत होती. नाडी टकटक होती. त्यात खोट सापडावी म्हणून त्यानं पुष्कळ वेळ धरून ठेवली. सापडली नाही.

"जा," तो म्हणाला. "दोर बांधला की जल्दी वर ये. जास्ती येळ खाली न्हाई राहायचं."

विहिरीवर निम्मं गाव होतं. धर्मराजनं कपडे काढले, तेव्हा कोणीतरी चिवचिव केलं. तो हसला आणि उतरला. पहिली बुडी मारून रिकामा वर आला. दुसऱ्या बुडीला पुष्कळ वेळ खाली राहिला. बापाइतका. काठावरचे म्हणायला लागले, "अरे, हे बी त्यायच्यातलंच निघालं." मग दोराला हिसका बसला. माणसांनी दोर ओढला. पुष्पाबाई वर आली, लुगड्याचा पदर पाण्यात लांबच लांब. एकच आकांत झाला. सगळं गाव तिच्याकडं धावलं. सगुणाबाईनं लेकीवर अंग टाकलं. बायांनी तिच्यावर धडुती पांघरली. गड्यांनी तोंडं फिरवली.

पाण्याकडं बघत होती एकटी बेबीनंदा. पाण्यावर धर्मराजचं डोकं आलं, एक हात आला. हात कशाला तरी धरल्यासारखा वळला, आणि सावकाश खाली गेला. आरडाओरडा नाही, तडफड नाही. ती ओरडली तेव्हा लोकांना वाटलं पुष्पाबाईसाठी ओरडतेय.

रामकिसन गर्दीमागून धावत आला तो अंगरखा काढतच. बेबीनंदानं त्याची कंबर धरली. तो तिला फरपटत काठापर्यंत घेऊन गेला.

"सोड बेबे. माहं पोरगं हाय."

"गेलं ते. तुला माहीत हाय, गेलं ते."

"मंग तसंच राहू देऊ का खाली?"

तिनं त्याला सोडलं. सोडून ती त्याच्या पुढं, काठाच्या दगडावर जाऊन उभी राहिली, पाण्याकडं पाठ करून. "तू उतरला की तुह्यामागं म्या उडी टाकते. दोघायची नाडी थंड हाय. मंग आई एकटीच राहील. टाक पाय."

रामकिसन तिच्यापुढं उघड्या अंगानं उभा. गाव आता इकडं वळलं होतं. पाटील म्हणाला, "पोरी, बाजूला हो. तो काढीन त्याच्या पोराला. दुसरं कोण उतरणार हाय?"

"कोणीच उतरू नका," बेबीनंदा म्हणाली. "विहीर उपसा."

"काय?"

"इंजिन लावा आन् विहीर उपसा."

बद्रीनाथ इतका वेळ भावजयीच्या मढ्यापाशी मान खाली घालून बसला होता. तो ताडकन उठला. "उपसून पाणी टाकू कुठं? बाग ताणावर हाय माही! आता पाणी बसलं तर बहार गेला सगळा."

"नाल्यात सोडा."

"नाल्यात? आन् मृगाला काय पाजू झाडाला? ह्याच पाण्यावर पाच एकर बाग हाय, पोरी. तुह्या बापाला काढता येते ना, मंग?"

मी लिहितोय ते जसंच्या तसं घडलं म्हणून लिहितोय: अख्ख्या गावात त्या क्षणाला एकालाही वाटलं नाही की बद्रीनाथ काही वेडंवाकडं बोलला. मोसंबी मोसंबी असते. आणि रामकिसनला तर काढता येत होतंच.

मग सगुणाबाई लेकीपासून उठली. बद्रीनाथपुढं येऊन उभी राहिली. हळूच बोलली, पण विहिरीच्या चारी अंगांना ऐकू गेलं.

"पाव्हणं, माह्या लेकीचा पाय कसा घसरला, ते म्या अजून कोणाला इचारलं न्हाई. इंजिन लावता का इचारू?"

बद्रीनाथ पाटलाकडं बघायला लागला आणि पाटील विहिरीकडं. लाइट गेलेली होती, म्हणून कचरूच्या शेतातलं डिझेलचं इंजिन बैलगाडीवर घालून आणलं. पाइप नाल्यात सोडला. इंजिन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. रामकिसन, कौसल्या आणि बेबीनंदा काठावर बसून राहिले. पाणी विटेविटेनं उतरत गेलं. गावातल्या बाया नाल्यावर हंडे घेऊन गेल्या, धुणी घेऊन गेल्या. त्या उन्हाळ्यात तेवढं पाणी कोणी पाहिलं नव्हतं.

तळ दिसला तेव्हा धर्मराज चिखलात कुशीवर झोपलेला होता. पाण्याची भीती आता नव्हती, शिडी होती, तरी पाटील म्हणाला, "रामकिसन, आता उतर, काढ." कोरड्या विहिरीतही दुसरा कोणी उतरला नाही. रामकिसन आणि बेबीनंदा उतरले आणि त्याला घेऊन आले.

पुढच्या महिन्यात बेबीनंदाची गोळी आणायला रामकिसन औरंगाबादला गेला. बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी ऐकलं आणि बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "नाडीवरून कळत नाही. नाडी चांगली चालते आणि तरी ते दार बिघडलेलं असतं, असंही असतं. पट्टीवर दिसतं, कधीकधी पट्टीवरही नाही. हे मी त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"मंग त्याचं बी तसंच व्हतं?"

"आता नाही सांगता येणार. बहुतेक."

"बहुतेक नका म्हणू, म्याडम. व्हतं म्हणा."

बाईंना कळलं नाही हा माणूस असं का मागतोय. पोराला आजार होता असं कोणता बाप मागतो? पण त्यांनी म्हटलं, "होतं." रामकिसननं हात जोडले, "मंग आपलंच व्हतं," म्हणाला आणि गोळ्या घेऊन निघाला.

बद्रीनाथचा त्या साली मृग बहार गेला. त्यानं तो गावभर सांगितला. पुष्पाबाईचा पाय कसा घसरला ते कोणी विचारलं नाही, सगुणाबाईनंही नाही. तिनं शब्द दिला होता, आणि पाळला.

त्यानंतर आमच्या गावात आणखी दोघं विहिरीत पडली. एक रखमाजी, दारूत. एक बाई. दोन्ही वेळेला बौद्धवाड्यात कोणी आलं नाही. इंजिन लावलं. एका दिवसात विहीर उपसून होते.